आजारापूर्वी नाडी पाहावी : संगणकाच्या डिस्कची आधाररेषा

सकाळचे साडेअकरा वाजलेले असतात. भादोले, लाटवडे, मिणचे, घुणकी, किणी अशा आसपासच्या गावांतून कामानिमित्त पेठ वडगावला आलेली माणसे कोणत्या ना कोणत्या खिडकीपुढे उभी असतात. कोणाला उताऱ्याची प्रत हवी असते, कोणाला घरपट्टी भरावयाची असते, तर कोणाला खात्यावर जमा झालेले ऊसबिल काढावयाचे असते. खिडकीपलीकडील कर्मचारी कळ दाबतो, पडद्यावर ते लहानसे चक्र फिरू लागते, आणि थोड्या वेळाने सर्वांच्या परिचयाचे वाक्य कानी पडते : "मशीन स्लो चाललंय, मामा. जरा दम धरा."

मामा दम धरतात. परंतु त्यांचा अर्धा दिवस जातो, शेतावरचा खाडा पडतो, परतीची एस. टी. चुकते. कर्मचाऱ्याचाही यात दोष नसतो. तोही त्याच चक्राकडे पाहत बसलेला असतो. दोष आहे तो त्या वाक्याचा. "मशीन स्लो आहे" हे वाक्य ऐकावयास पुरेसे वाटले, तरी त्यातून माहिती अशी काहीच मिळत नाही. किती संथ? केव्हापासून? कशाच्या तुलनेने? या तीन प्रश्नांची उत्तरे त्या कार्यालयात कोणाजवळ लिहिलेली असतील, तर दुरुस्ती योग्य ठिकाणी होण्याची शक्यता असते. ती नसतील, तर नवे यंत्र घेण्याचा प्रस्ताव तयार होतो, पैसा खर्च होतो, आणि पुष्कळदा ते चक्र नव्या पडद्यावरही तसेच फिरत राहते.

ही उत्तरे हाताशी असावीत म्हणून संगणकाच्या डिस्कची, म्हणजे माहिती साठविणाऱ्या तबकडीची, चांगल्या दिवसांतील कामगिरी मोजून नोंदवून ठेवण्याची एक साधी पद्धत आहे. संगणकशास्त्रात तिला 'बेसलाइन' म्हणतात. आपण तिला आधाररेषा म्हणू. प्रस्तुत लेखक कलाशाखेचा पदवीधर आहे, अभियंता नव्हे. तथापि हा विषय समजण्यास अभियंता असण्याची गरज नाही, हे वाचकांच्या लवकरच ध्यानी येईल.

राजाराम बंधाऱ्याचे त्रेचाळीस फूट

आधाररेषेची कल्पना कोल्हापूर जिल्ह्यास नवी नाही. पावसाळ्यात जिल्ह्यातील लहान मुलालाही दोन आकडे तोंडपाठ असतात. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची पाणीपातळी ३९ फुटांवर गेली की इशारा, आणि ४३ फुटांवर गेली की धोका. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात हीच पातळी ५५ फुटांच्या वर गेली, तेव्हा संकटाची व्याप्ती सांगण्यासाठी वेगळ्या विशेषणांची गरज उरली नाही. एका आकड्याने सर्व काही सांगितले.

हा आकडा एवढा बोलका का ठरला? बंधाऱ्यापाशी मोजपट्टी आहे, म्हणून तर खरेच. पण तेवढ्यानेच नव्हे. त्या पट्टीवरचे पाणी पुराच्या दिवशीही पाहिले जाते आणि पूर नसतानाही पाहिले जाते. नदी शांत असते तेव्हा ती कोठे असते हे ठाऊक असल्यामुळेच ती चढली म्हणजे किती चढली हे कळते. ज्याने पट्टी पूर आल्यावरच प्रथम पाहिली, त्याला ५५ हा केवळ एक अंक दिसेल.

संगणकाच्या डिस्कचेही असेच आहे. तिच्यावरही मोजपट्टी बसविलेलीच असते; ती वेगळी विकत घ्यावी लागत नाही. आपण ती चांगल्या दिवशी पाहत नाही, एवढेच.

वारणाकाठचा धडा

पेठ वडगावच्या परिसरात संगणक लवकर आले. सेनापती धनाजी जाधव यांच्या समाधीमुळे इतिहासात आणि बाजारपेठेमुळे व्यवहारात परिचित असलेल्या या गावापासून वारणानगर दूर नाही. तात्यासाहेब कोरे यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या वारणेच्या सहकारी परिसरात १९९८ मध्ये 'वायर्ड व्हिलेज' हा प्रकल्प हाती घेण्यात आला. केंद्र शासन, महाराष्ट्र शासन आणि वारणा येथील संस्था यांच्या सहभागातून, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या साहाय्याने, कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावे संगणकांनी जोडण्याचा तो प्रयत्न होता. ज्या काळी देशातील बहुसंख्य खेड्यांनी संगणक पाहिलाही नव्हता, त्या काळी येथील ऊस उत्पादक गावातल्या केंद्रावर जाऊन आपल्या उसाची नोंद आणि वजन पडद्यावर पाहू लागला.

या प्रकल्पाची पुढील कथा आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. २००६ च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडिया या संस्थेच्या संशोधकांनी या केंद्रांवरील संगणक प्रत्यक्षात काय काम करतात याचे निरीक्षण केले. इतर अनेक उपयोग योजिलेले असले, तरी मुख्य काम ऊसविषयक माहितीच्या देवघेवीचे होते, असे त्यांना दिसून आले. तेवढ्या कामासाठी संपूर्ण संगणकाची गरज आहे काय, हा प्रश्न मग ओघानेच आला. काही गावांत संगणकाऐवजी भ्रमणध्वनी ठेवून लघुसंदेशांद्वारे तीच माहिती देण्याचा प्रयोग करण्यात आला आणि तो उपयुक्त ठरला.

यंत्र बदलण्यापूर्वी ते रोज काय करते हे मोजावे, हा या प्रयोगाचा धडा होय. तो संपूर्ण केंद्राला लागू पडला, तसाच केंद्रातील एका डिस्कलाही लागू पडतो.

तबकडीचे काम कसे चालते

पारंपरिक हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या एका आसाभोवती अखंड फिरत असतात. त्यांच्या पृष्ठभागाच्या अगदी जवळून, पण पृष्ठभागास स्पर्श न करता, एका भुजेच्या टोकावरील वाचकशीर्ष सरकत असते. एखादी नोंद वाचावयाची म्हणजे प्रथम भुजेने योग्य वर्तुळावर जावयाचे, नंतर तबकडीचा योग्य भाग शीर्षाखाली येईपर्यंत थांबावयाचे, आणि मग वाचावयाचे.

या प्रत्येक हालचालीला वेळ लागतो. कार्यालयीन संगणकांत बहुधा आढळणारी डिस्क मिनिटास ७,२०० फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्यास ८.३ मिलिसेकंद लागतात आणि हवा तो भाग खाली येण्यास सरासरी त्याच्या निम्मा, म्हणजे सुमारे ४.२ मिलिसेकंद वेळ जातो. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. भुजेच्या हालचालीचे सरासरी आठ-नऊ मिलिसेकंद त्यात मिळविले की एक विखुरलेली नोंद वाचण्यास १२ ते १३ मिलिसेकंद होतात. याचा अर्थ, अशी डिस्क सेकंदाला सुमारे ७५ ते १०० विखुरलेल्या नोंदींपलीकडे फारशी जाऊ शकत नाही. ही मर्यादा यंत्ररचनेची आहे. कर्मचाऱ्याने कळ कितीही जोरात दाबली तरी ती बदलत नाही.

१९५६ साली आय. बी. एम. या कंपनीने 'रॅमॅक' या संगणकाबरोबर जगातील पहिली व्यापारी डिस्क बाजारात आणली. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्यांवर सुमारे ५० लाख अक्षरे मावत आणि एक नोंद शोधण्यास अर्ध्या सेकंदाहून अधिक काळ लागे. त्या मानाने आजची फिरती डिस्क फार पुढे गेली आहे. आणि आता ज्यांत फिरणारा भागच नाही अशा एस. एस. डी. आल्या आहेत. त्यांत एका नोंदीस मिलिसेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहून कमी वेळ लागतो आणि सेकंदाला हजारो नोंदी होतात. तथापि एस. एस. डी. बसविली म्हणजे मोजमापाची गरज संपली, असे समजू नये. ती भरत आली, तापली किंवा तिच्या आयुष्याची अखेर जवळ आली की तिचाही वेग उतरतो. आणि तो उतरला हे ओळखावयास आधीचा वेग ठाऊक असावाच लागतो.

काट्यापुढची रांग

डिस्कचा वेग एकच असला तरी ग्राहकाला लागणारा वेळ एकच नसतो, याचे कारण रांग. हे समजण्यास साखर कारखान्याच्या वजनकाट्यासारखे उदाहरण नाही. समजा, एका ट्रॉलीचे वजन करण्यास तीन मिनिटे लागतात. म्हणजे तासाला वीस ट्रॉल्या जातील. तासाला दहाच ट्रॉल्या येत असतील तर कोणालाही फारसे थांबावे लागणार नाही. अठरा येऊ लागल्या, तर काटा अजून पुरेसा आहे असे कागदावर दिसेल. परंतु ट्रॉल्या काही सारख्या अंतराने येत नाहीत, चार एकदम येतात. मग रांग कारखान्याच्या फाटकाबाहेर जाते. काटा पूर्वीइतक्याच वेगाने वजन करीत असतो आणि तरीही शेवटच्या गाडीवानाला तासभर ताटकळावे लागते.

अनियमितपणे येणाऱ्या कामांचे एक साधे गणित आहे. यंत्र अर्धा वेळ गुंतलेले असेल तर एका कामास, रांगेसह, मूळ वेळेच्या दुप्पट वेळ लागतो. ते ८० टक्के गुंतलेले असेल तर पाचपट आणि ९० टक्के गुंतलेले असेल तर दहापट. म्हणजे आठ मिलिसेकंदांचे काम अनुक्रमे १६, ४० आणि ८० मिलिसेकंदांवर जाते. डिस्क ८० वरून ९० टक्क्यांवर गेली, एवढे ऐकल्यास वाढ किरकोळ वाटते; परंतु खिडकीपुढील माणसाची प्रतीक्षा तेवढ्यात दुप्पट झालेली असते. काल ठीक असलेले यंत्र आज एकाएकी कसे बिघडले, या कोड्याचे उत्तर पुष्कळदा येथे असते. ते एकाएकी बिघडलेले नसते. ते काठापर्यंत भरत आलेले होते आणि कोणी पाहिलेले नव्हते.

कोणते आकडे टिपावेत

डिस्कसंबंधी शेकडो आकडे मिळू शकतात. सामान्य कार्यालयास पुढील चार पुरेसे आहेत.

पहिला, सेकंदाला येणाऱ्या मागण्यांची संख्या; वाचनाच्या आणि लेखनाच्या वेगवेगळ्या. कामाचा भार किती आहे हे यावरून कळते.

दुसरा, एका मागणीस लागलेला वेळ. हाही वाचन व लेखन यांचा वेगळा. चारांत सर्वांत महत्त्वाचा आकडा हाच, कारण खिडकीपुढच्या माणसाचा संबंध फक्त याच्याशी येतो. सर्वसाधारण ठोकताळा असा की, माहितीकोश सांभाळणाऱ्या डिस्कवर हा वेळ १० मिलिसेकंदांच्या आत असावा, २० च्या वर सातत्याने राहिल्यास लक्ष द्यावे आणि ५० च्या वर गेल्यास तातडीने पाहावे. परंतु ठोकताळा तो ठोकताळाच. आपल्या यंत्राची स्वतःची नेहमीची पातळी हीच खरी कसोटी.

तिसरा, रांगेची लांबी, म्हणजे एका वेळी किती मागण्या ताटकळत अथवा चालू आहेत. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमानुसार, सेकंदाला येणाऱ्या मागण्या आणि प्रत्येकीस लागणारा वेळ यांचा गुणाकार म्हणजेच सरासरी रांग. त्यामुळे पहिले दोन आकडे बरोबर टिपले आहेत की नाहीत याचा ताळा या तिसऱ्याने घेता येतो.

चौथा, सेकंदाला किती माहिती वाहिली याचे मान, मेगाबाइटमध्ये. रात्री घेतल्या जाणाऱ्या राखीव प्रतींसारख्या सलग व मोठ्या कामांसाठी हा उपयोगी पडतो.

यांच्या जोडीस डिस्कवर मोकळी जागा किती आहे हे लिहून ठेवावे.

हे आकडे मिळविण्यास खर्च येत नाही. विंडोज प्रणालीत 'परफॉर्मन्स मॉनिटर' नावाचे साधन मुळातच असते. त्यातील 'डेटा कलेक्टर सेट' या सोयीने ठरलेल्या अंतराने आकडे आपोआप नोंदविले जातात. लिनक्स प्रणालीत 'सिसस्टॅट' या संचातील 'आयोस्टॅट' आणि 'सार' ही साधने तेच काम करतात. एकदा व्यवस्था लावून दिली की रोज कोणी बसून राहावे लागत नाही.

नोंद केव्हा आणि किती दिवस घ्यावी

आधाररेषा एका दिवसात होत नाही. किमान एक संपूर्ण आठवडा नोंद घ्यावी आणि शक्य असल्यास महिनाभर घ्यावी, म्हणजे आठवडी बाजाराचा दिवस, सुटीचा दिवस आणि महिनाअखेर हे सर्व त्यात येतील. पेठ वडगावसारख्या ठिकाणी यापलीकडे वर्षाचे चक्रही ध्यानात घेतले पाहिजे. गळीत हंगाम सुरू झाला की ऊसबिलांचे व्यवहार वाढतात; कायद्यानुसार उसाचा रास्त व किफायतशीर दर १४ दिवसांत अदा करावयाचा असल्याने त्यांना एक पाक्षिक लय असते. मार्चअखेरीस पीककर्जाची परतफेड आणि कराचा भरणा एकाच वेळी येतो. श्रावणातल्या एखाद्या निवांत आठवड्यात घेतलेली आधाररेषा मार्चच्या ३० तारखेस लावून पाहिली, तर निरोगी यंत्रही आजारी ठरेल. म्हणून निदान दोन आधाररेषा असाव्यात, एक नेहमीच्या दिवसांची आणि एक गर्दीच्या दिवसांची.

नोंदीतील अंतर १५ सेकंद ते एक मिनिट एवढे ठेवावे. तासातासाची सरासरी काढून समाधान मानू नये, कारण सरासरी फसविते. समजा, एका तासात ५५ मिनिटे वाचनाचा वेळ ८ मिलिसेकंद होता आणि उरलेली पाच मिनिटे २०० होता. मागण्यांचा ओघ सारखा धरल्यास तासाची सरासरी २४ येते. अहवालात २४ हा आकडा फारसा भयंकर दिसत नाही. परंतु त्या पाच मिनिटांत खिडकीपुढे जे उभे होते, त्यांच्या वाट्याला २४ नव्हे तर २०० आले. यासाठी सरासरीबरोबरच शंभरातील पंच्याण्णव नोंदी कोणत्या मर्यादेच्या आत होत्या हेही काढावे आणि सर्वांत वाईट काळ कोणता होता ते वेळेसह लिहावे.

नोंदींचा संग्रह शक्य तो ज्या डिस्कचे मोजमाप चालू आहे तिच्यावरच ठेवू नये. एक तर त्या लेखनाचा थोडा भार तिच्यावरच पडतो; दुसरे म्हणजे डिस्क बंद पडली तर तिच्या आजाराचा इतिहासही तिच्याबरोबरच जातो.

आणि शेवटी, आकड्यांसोबत परिस्थिती लिहावी. यंत्र कोणते, डिस्क फिरती की एस. एस. डी., स्मृती किती, कोणती आज्ञावली चालू होती, राखीव प्रत किती वाजता निघते, विषाणूरोधक तपासणी किती वाजता होते. या ओळी नसतील, तर सहा महिन्यांनी ते आकडे कशाचे होते हे खुद्द लिहिणाऱ्यासही सांगता येत नाही.

एक उदाहरण, तीन निदाने

आधाररेषेचा उपयोग कसा होतो ते एका कल्पित उदाहरणावरून पाहू. समजा, एका पतसंस्थेच्या मुख्य संगणकात ७,२०० फेऱ्यांची डिस्क आहे. चांगल्या दिवसांत, सकाळी ११ ते १ या गर्दीच्या वेळी, सेकंदाला ४० मागण्या येत आणि प्रत्येकीस ९ मिलिसेकंद लागत. लिटल यांच्या नियमाने रांग ०.३६, म्हणजे जवळजवळ नाहीच. सहा महिन्यांनी तक्रार आली की पासबुक छापावयास फार वेळ लागतो. पुन्हा मोजले. येथे तीन शक्यता आहेत.

पहिली : मागण्या ४२, वेळ ७० मिलिसेकंद, रांग जवळजवळ तीन. काम वाढलेले नाही, तरी वेळ जवळजवळ आठपट झाला. याचा अर्थ डिस्क स्वतः आजारी असण्याचा संभव आहे. खराब झालेले भाग ती पुनःपुन्हा वाचण्याचा प्रयत्न करीत असेल. डिस्कच्या अंगभूत 'स्मार्ट' या स्वपरीक्षण व्यवस्थेतील नोंदी तत्काळ पाहाव्यात. आणि त्याहीआधी राखीव प्रत घ्यावी. येथे विलंब केल्यास प्रश्न संथपणाचा राहणार नाही. सभासदांच्या नोंदीच गमावण्याचा राहील.

दुसरी : मागण्या ११०, वेळ ७० मिलिसेकंद, रांग जवळजवळ आठ. येथे डिस्क निरोगी आहे, पण तिच्या कुवतीच्या सीमेवर काम करीत आहे. प्रश्न असा विचारावा की ४० च्या ११० मागण्या कशाने झाल्या? सभासद तिप्पट झाले नसतील, तर दुसरे कोणी तरी डिस्क वापरीत आहे. कदाचित संगणकाची स्मृती अपुरी पडल्यामुळे तो डिस्कलाच स्मृतीसारखे वापरू लागला असेल. तसे असल्यास उपाय डिस्क बदलण्याचा नव्हे, तर स्मृती वाढविण्याचा आहे आणि तो पुष्कळ स्वस्त पडतो.

तिसरी : मागण्या ४०, वेळ ९ मिलिसेकंद. पूर्वी होते तेच. म्हणजे डिस्क निर्दोष आहे. दोष तारेत असेल, दूरस्थ सर्व्हरमध्ये असेल, छपाईयंत्रात असेल किंवा नव्या आज्ञावलीत असेल. आज अनेक शासकीय सेवा दूरच्या माहिती केंद्रांतून मिळतात. तेथे खिडकीवरील संगणकाची डिस्क हा साखळीतील केवळ एक दुवा असतो. अशा वेळी "आमच्याकडचे आकडे पूर्वीप्रमाणेच आहेत" असे पुराव्यानिशी सांगता येणे यालाही मोल आहे. तक्रार योग्य टेबलावर पोहोचते आणि आठवडाभराचा पत्रव्यवहार वाचतो.

तिन्ही प्रसंगी खिडकीवरचे वाक्य एकच होते : "मशीन स्लो चाललंय." निदाने तीन, उपाय तीन, खर्च तीन. त्यांतील फरक दाखविला तो आधीच लिहून ठेवलेल्या दोन आकड्यांनी.

टाळावयाच्या चुका

काही वर्षांपूर्वी एका कार्यालयात प्रस्तुत लेखकाने स्वतः पाहिलेला प्रसंग येथे सांगण्यासारखा आहे. त्या कार्यालयाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण असे कोठेही घडू शकते. तेथे रोज दुपारच्या आत काम ठप्प होई. नवा संगणक आणला गेला. पहिला आठवडा बरा गेला आणि मग पुन्हा तेच. अखेर एका तरुण तंत्रज्ञाने आठवडाभर डिस्कचे आकडे टिपले. रोज ठीक अकरा वाजता मागण्यांची संख्या उडी घेई आणि सव्वाबाराला खाली येई. विषाणूरोधक आज्ञावलीची संपूर्ण तपासणी रोज सकाळी अकरास लावून ठेवलेली होती. ती रात्री नऊला नेताच रांग नाहीशी झाली. जुना संगणक तोपर्यंत अडगळीत गेलेला होता.

मोजमाप करताना घडणाऱ्या इतर चुकाही थोडक्यात पाहू. चालू असलेल्या सर्व्हरवर डिस्कचा कमाल वेग तपासण्यासाठी कृत्रिम भार टाकू नये. ती परीक्षा नव्या, रिकाम्या यंत्रावर घ्यावी. चालत्या यंत्राचे फक्त निरीक्षण करावे. नाडी पाहावयाची म्हणजे रोग्यास पळावयास लावावयाचे नव्हे. तसेच 'डिस्क शंभर टक्के गुंतलेली' हा आकडा एस. एस. डी. अथवा अनेक डिस्कच्या संचावर दिसला तर लगेच घाबरू नये. ही साधने एकाच वेळी अनेक मागण्या पुऱ्या करतात, म्हणून तेथे गुंतलेल्या वेळेपेक्षा प्रत्येक मागणीस लागलेल्या वेळेवर विश्वास ठेवावा. यंत्र, स्मृती किंवा आज्ञावली बदलली की नवी आधाररेषा घ्यावी. पण जुनी पुसून टाकू नये. जुन्या व नव्या रेषांतील फरक हाच झालेल्या खर्चाचा हिशेब असतो.

गुळव्याचे ज्ञान आणि नोंदवही

या भागातील गुऱ्हाळावर गुळव्याला मोठा मान असतो. काहिलीतील रसाचा रंग, फेस आणि बुडबुडे यांवरून पाक केव्हा तयार झाला हे तो अचूक सांगतो. त्याच्या मनात वर्षानुवर्षांच्या अनुभवाची आधाररेषा असते. अनेक कार्यालयांतही असा एखादा जुना कर्मचारी असतो, ज्याला यंत्राच्या आवाजावरून काहीतरी बिनसल्याचे कळते. परंतु त्याची बदली होते, तो सेवानिवृत्त होतो, आणि त्याच्याबरोबर ते ज्ञानही जाते. एस. एस. डी. तर आवाजही करीत नाही. म्हणून जे गुळव्याच्या मनात असते, ते येथे नोंदवहीत असले पाहिजे.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा विहित मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क झाला आहे. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध होऊ लागला आणि कागदासाठीचे हेलपाटे कमी होण्यास मदत झाली. या सुधारणांचा लाभ अखेरच्या माणसापर्यंत पोहोचतो तो एखाद्या खिडकीतून, एखाद्या पडद्यावरून. तेथे वाया जाणारी प्रत्येक घटका त्या लाभातून वजा होते.

नगरपरिषद असो, पतसंस्था असो, बाजार समिती असो की शाळा. जेथे एक जरी सर्व्हर असेल, तेथील प्रमुखांनी येत्या महिन्यात एक साधे काम करावे. यंत्र उत्तम चालू असताना, कोणाचीही तक्रार नसताना, एक आठवडा डिस्कचे आकडे नोंदवावेत, त्यांवर तारीख घालावी आणि तो कागद यंत्राच्या फाइलला लावून ठेवावा. खर्च शून्य, श्रम अल्प. पुढे जेव्हा घुणकीचे मामा खिडकीपुढे उभे राहतील आणि पडद्यावर चक्र फिरू लागेल, तेव्हा आतला कर्मचारी त्यांना नुसता दम धरावयास सांगणार नाही. तो तो कागद काढील, आजचे आकडे त्याच्या शेजारी ठेवील आणि दोष कोठे आहे हे संबंधितांस नेमके कळवील. मामांची एस. टी. त्या दिवशी कदाचित चुकेलही. पण पुढच्या खेपेस ती चुकू नये, याची तजवीज मात्र झालेली असेल.